मैना म्हणून कुणी नव्हती

बाहुल्यांनी सकाळपासून प्राप्तीचा जीव मेटाकुटीला आणला होता.

मंडपात गणपतीच्या उजव्या हाताला मिठागराचा हलता देखावा. आरशाच्या तुकड्यांचे वाफे, जाड्या मिठाच्या राशी, नि बांधावर ओळीनं उभ्या काष्ट्याची लुगडी नेसलेल्या बाहुल्या. एकीनं फळीनं मीठ ओढायचं, दुसरीनं टोपली भरायची, नि शेवटचीनं ती माथ्यावर घ्यायची, हा दर वर्षीचा क्रम. यंदा टोपली भरायच्या आधीच शेवटची रिकामे हात डोक्यावर नेत होती, आणि फळीवाली वाकली की वाकलेलीच राहत होती.

ती शेवटची बाहुली म्हणजे प्राप्तीची आई, सत्यवती. तोच चेहरा, तीच नाकातली मोरणी. गावची मिठागरं बुजून तिथं कंटेनर उभे राहिले. मिठागरात गेलेली सत्यवतीची अर्धी हयात आता उरली होती ती या मंडपात. आणि मंडळाचा अध्यक्ष, प्राप्तीचा चुलता धनेश, सकाळीच सांगून गेला होता की आरतीपर्यंत देखावा सुरू झाला नाही तर तिथं मोठा स्क्रीन लागेल नि बाहुल्या भंगारात जातील. स्क्रीनवाल्याचा टेम्पो निघालासुद्धा होता.

हे सगळं बसवलं होतं प्राप्तीच्या भावानं, प्रज्योतनं. तो आता जहाजावर, फोन लागत नव्हता. त्याचा जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं खाल्ला, म्हणून प्राप्तीनं दुसरा आणून जोडला. प्रिंटरच्या पोर्टातून निघालेली लांब केबल, तिच्या टोकाला रिलेची, म्हणजे हुकमानं चालू-बंद होणाऱ्या बटणांची पट्टी, नि दर रिलेमागे एक मोटर. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. त्याच्या हुकमाशिवाय कुठल्या दाराला हात लागत नाही. प्रज्योतनं त्यालाच बाहुल्या हलवायचा एक छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, शिकवून ठेवला होता. आधी कुठली बाहुली ते पोर्टावर ठेवायचं, मग पट्टीला ‘घे’ म्हणून खूण करायची. एवढंच तर काम. ऐरोलीच्या कंपनीत प्राप्ती रोज यापेक्षा अवघड गाठी सोडवत होती.

पण ही गाठ कुठल्या दोऱ्याची, तेच कळेना. तिनं प्रत्येक पावलाला पडद्यावर एक ओळ छापायला लावली, कोण हललं, कधी हललं. तर बाहुल्या शहाण्यासारख्या ओळीनं हलल्या. खूश होऊन तिनं त्या ओळी काढल्या, तर पुन्हा तोच गोंधळ. छापायला लावलं की बरोबर, काढलं की चूक. केबल बदलली, वायरी उपसून पुन्हा खोचल्या. पाहिलं की नीट, नजर वळली की वेडं. भुताटकीवर तिचा विश्वास नव्हता, पण आता तिचा स्वतःवरही राहिला नव्हता.

धनेशकाका चहा घेऊन आला नि बघत उभा राहिला.

“मुकादम उभा र्‍हायला का काम करतान, पाठ वलली का बसतान,” तो म्हणाला. “आईच्या वलनावर न्हाय गेली ही बाहुली. तुज्या वलनावर गेली.”

सत्यवती बाहुलीच्या लुगड्याला टाका घालत होती. दिराकडे तिनं मान वर करून पाहिलंही नाही. टाका घालताना ती गुणगुणत होती, वाफ्यावरचं जुनंच गाणं.

भरली गो टोपली, भरली काठोकाठ,
ये गो मैने, ये गो मैने,
उचलली माथ्यावरी, धरली बांधाची वाट.

लहानपणापासून ऐकलेलं. का कुणास ठाऊक, आज प्राप्तीनं विचारलं, “आये, ही मैना कोण होती गं?”

“कोनी न्हाय.”

“मग हाक कुणाला मारायचात?”

“कुनालाच न्हाय, बाय. टोपलीतला खारा पानी गलाया नको? लगेच उचलली तर डोल्यात जातो, आग होते. हाक मारेपरत निथलतो. मंग उचलायची.”

प्राप्तीच्या हातातला चहा तसाच राहिला. प्रज्योतच्या ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती. बाहुली ठेवणं नि ‘घे’ म्हणणं यांच्या मधोमध, ऐंशी नंबरच्या पोर्टाला, कॉम्प्युटरच्या आतल्याच एका दाराला, एक शून्य धाडायची. त्या पोर्टाला काहीच जोडलेलं नव्हतं. रिकाम्या घराला हाक कशाला, म्हणून दुसरा कॉम्प्युटर जोडताना तिनंच ती ओळ पुसली होती. जुनी पट्टी, लांब केबल. निरोप पोचून स्थिर होईतो क्षणाचा कणभर वेळ लागतो. तो मिळाला नाही की पट्टी मागच्याच बाहुलीचा निरोप उचलते. ती रिकामी हाक तेवढा वेळ काढून द्यायची. छापायच्या ओळींनीही तेवढाच वेळ खाल्ला होता, दुसरं काही नाही.

तिनं धावत जाऊन ओळ परत घातली.

कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. पुन्हा चालू केला, पुन्हा थिजला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. प्राप्तीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आत्ता तर कळलं होतं, मग हे काय? हळूहळू तिच्या ध्यानात आलं, या दुसऱ्या मशीनमध्ये ते घर रिकामं नव्हतं. ऐंशी नंबरला कुणीतरी राहत होतं, नि हाक ऐकली की सगळं अडवून बसत होतं.

“कोन र्‍हातो तिथं?” तिचं पुटपुटणं ऐकून सत्यवतीनं विचारलं.

“मलाही ठाऊक नाही गं.”

“मंग हाक नको मारू. नुसती थांब.”

कर्नलकडे नुसतं थांबायचीही सोय होती. मायक्रोसेकंद मोजायचे, कुणाला न बोलावता. प्राप्तीनं हाकेऐवजी ती ओळ घातली, छापायच्या सगळ्या ओळी पुसल्या, आणि मुद्दाम पाठ करून उभी राहिली. बघायचा धीरच नव्हता.

मागून मोटरी घुरघुरल्या. फळी ओढली गेल्याचा आवाज. टोपली टेकल्याचा आवाज. मग काहीच नाही. त्या शांततेत सत्यवतीचा आवाज उठला, ये गो मैने, ये गो मैने, आणि मग लाकडी हात वर गेल्याची करकर.

धनेशकाका टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेला, नि टेम्पो आला तसा परत फिरला. परत यायला त्याला बराच वेळ लागला, नि आल्यावर म्हणाला फक्त इतकंच, की आरतीला झांजा कुठं ठेवल्यात.

प्राप्ती वळली. बाहुलीच्या माथ्यावर टोपली होती. सत्यवती समोर उभी राहून मनगटानं डोळे पुसत होती, वाफ्यावर पुसायची तसे, खारं पाणी डोळ्यात जायच्या आधीच.