एका दुपारी बावीस पाठ

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. काळे रेक्झिन, दोन टोकांना दोन दांड्या आणि अडकवायला सुतळी, एवढेच माझे शरीर. मिरजगावच्या बाजूला एक अध्यापक विद्यालय आहे. तरुण मुले-मुली तिथे शिक्षक व्हायला शिकतात. माझे सारे आयुष्य तिथेच गेले.

सुरुवातीला मला मान होता. तेव्हाचे वाल्मिक सर नव्या विद्यार्थ्याला माझ्यासमोर उभे करत आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसत. तिथून अक्षर लागले नाही, की पुसून पुन्हा लिहायला लावत. फळ्याशी बोलू नका, मुलांकडे बघा, असे ते शंभरदा सांगत. खडूच्या धुळीने मी पांढरा होई, पण त्या धुळीची मला कधी घाण वाटली नाही.

घाण वाटली ती पुढे. वाल्मिक सर निवृत्त झाले आणि हनुमंत सर आले. प्रत्येकाने जवळच्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचा, असा नियम होता. सरांनी त्यावर तोड काढली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी ते बावीस जणांना घेऊन चौथीच्या वर्गात गेले. एकाने यायचे, माझ्यावर तारीख आणि विषय लिहायचा, खडू हातात धरून हसायचे, फोटो काढायचा. मग दुसऱ्याने तारीख पुसून पुढची टाकायची. मुलांना नुसते माझ्याकडे बघत बसायला सांगितले होते. तासाभरात माझ्या अंगावरून दोन महिने गेले. कोणी थुंकी लावून बोटाने मला पुसले. मला शिसारी आली, पण थुंकीपेक्षा त्या हसण्याची जास्त.

शेवटी धनश्रीचा नंबर आला. तिने वजाबाकी लिहिली. बावन्न वजा सत्तावीस. फोटो झाला. तेवढ्यात पुढे बसलेल्या संस्कृतीने विचारले, की हे आम्हाला शिकवणार कधी? तिचे आई-वडील ऊसतोडीला जाणार होते आणि रविवारी तीही त्यांच्याबरोबर निघणार होती.

धनश्री थांबली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घ्यायचा, असे तिने सांगितले.

"बाई, उसना आणला त्यो परत कवा द्यायचा?" संस्कृतीने विचारले.

धनश्रीला रीत पाठ होती, पण त्यामागचे कारण तिला कोणी शिकवलेच नव्हते. तिचे कान लाल झाले.

"फोटो झाला ना? मग गुंडाळा," हनुमंत सर म्हणाले.

"सर, हिला अजून आलं नाही. मलाही नाही."

सरांनी तिच्या पाठाच्या वहीवर सही केली नाही. सही नाही तर गुण नाहीत, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी ती मला खांद्यावर टाकून एकटीच त्या शाळेत गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. दोन्ही दिवस तिचे सांगणे फसले. शनिवारी तिने खराट्याच्या काड्या नेल्या, दहा-दहाच्या पाच मोळ्या बांधल्या आणि दोन काड्या सुट्या ठेवल्या. मग म्हणाली, यातल्या सत्तावीस मला दे.

संस्कृतीने सुट्या दोन काड्या दिल्या आणि एक मोळी उचलली. "म्हंजी उसना न्हाई, आपलीच एक मोळी सोडायची व्हय?" असे म्हणत तिने गाठ सोडली. सत्तावीस काड्या बाईंच्या हातात ठेवल्या आणि माझ्यावर स्वतःच्या हाताने पंचवीस लिहिले. रविवारी ती ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हारकडे गेली.

पुढे सराव पाठांच्या फायलींची तपासणी झाली. एकवीस फायलींतल्या फोटोंचे कौतुक झाले. त्या प्रत्येक फोटोत मी आहे, मित्रांनो. थुंकीचा डाग निघतो, या खोट्या फोटोंचा निघत नाही. ते एकवीस जण पास झाले. धनश्री नापास झाली. यंदा ती पुन्हा त्याच वर्गात बसते, आणि सराव पाठाच्या दिवशी मला नेणारी ती एकटीच आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल. मला ओल्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, हे तर सांगतोच. पण समोरच्या एका जरी मुलाला आले नसेल, तर मला गुंडाळू नका.