डाव्या स्टिअरिंगची अल्फा

परागने गुडघे हनुवटीशी नेले आणि जग्वारच्या मागच्या चिंचोळ्या सीटवर स्वतःला कसंबसं कोंबलं.

"काका, ही सीट माणसांसाठी आहे की भाजीच्या पिशवीसाठी?"

"हौशी माणसांसाठी," सुभाषराव म्हणाले आणि त्यांनी गाडी डोंगरी गावातल्या समुद्राकाठच्या शेडबाहेर काढली.

त्यांची बायको वासंती त्यांच्या डावीकडे बसली होती. सुभाषरावांच्या जुन्या गाड्या दोन: एक लाल अल्फा, एक ही दुधाळ जग्वार. गॅरेज चालवता चालवता दोन्ही त्यांनी भंगारातून उचलून आणल्या आणि पोटच्या लेकींसारख्या न्हाऊमाखू घालून उभ्या केल्या. आता खारा वारा दोघींना खात होता आणि सुभाषरावांच्याने दोघींची उस्तवार होत नव्हती. पुण्याहून जुन्या गाड्या जमवणारा पराग एक न्यायला आला होता. लाल अल्फाची फेरी सकाळीच झाली होती.

"खरं सांगू काका? संग्रहाला जग्वारच. लांब नाक, सहा सिलिंडर, उजवं स्टिअरिंग. अल्फा वळणावर गोड, पण डावीकडे बसून ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही हो."

"म्हणून तर ही तुला देतोय. अल्फा मी मरेस्तोवर द्यायचा नाही. आणि बघायला ही आहे की माझी."

ही म्हणजे वासंती. अल्फात ती उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या अंगाला बसायची. पुढे ट्रक लागला की मान लांबवून बघायची आणि 'जा' नाहीतर 'थांबा' म्हणायची. अख्ख्या संसारात तिचा एवढा एकच शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

उत्तनच्या अलीकडे पुढे बस लागली. मागची रिक्षा हॉर्न मारून दोन्ही गाड्यांना ओलांडून गेली, तरी जग्वार बसमागे रेंगाळतच राहिली.

"अगं, जाऊ का?"

वासंतीला तिच्या बाजूने बसची धूळभरली पाठ आणि कडेला वाळत घातलेले बोंबील, एवढंच दिसत होतं. समोरचा रस्ता दिसायचा तो सुभाषरावांच्या बाजूने.

"काका, अल्फाची सवय!" पराग मागून हसला.

सुभाषराव हसले नाहीत. डोळे बारीक करून ते समोर बघत होते, बघतच होते.

"बाजूला घ्या जरा," वासंती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकीलाही हात लावू दिला नाहीत. द्यायच्या आधी मला चालवायचीय."

बाजारहाटाची वॅगनआर तीच चालवायची, पण या दोन गाड्यांच्या चाकाला हात लावायचं तिने नाव काढलं तरी ते अंगावर यायचे. आज त्यांनी गाडी मुकाट कडेला घेतली. उतरले आणि लांब नाकावर हात टेकत, चाचपत डावीकडे आले.

क्लच जड होता. पहिल्या झटक्याला गाडी बंद पडली, दुसऱ्याला निघाली. वासंतीने बस गाठली, समोर पाहिलं आणि कुणालाही न विचारता ती मागे टाकली.

मग सुभाषराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पराग, तू अल्फा ने."

"अहो काका, आत्ता तर तुम्ही..."

"ने म्हटलं ना. जग्वार राहू दे. डावीकडे बसून चालवायला हिला नाही जमायचं."