उडत्या गाडीचं लिंबू

आमच्या घाटंजीत त्या वर्षांत कापसाचा भाव पडला की आभाळातून हेलिकॉप्टर येत होतं. भाव काही वर चढत नव्हता, पण नेते मात्र रोज खाली उतरून राह्यले होते. आज हे, उद्या ते. शाळेच्या मैदानात उतरायचं, जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या दोन घरी जाऊन मान हलवायची, भाषण ठोकायचं अन् भुर्र. तोवर ते हेलिकॉप्टर मैदानात रिकामं उभं राहे. त्याच्या सावलीत बकऱ्या बसत.

हे रिकामं उभं राहणं आमच्या ह्यांच्या डोळ्यात भरलं. हे म्हणजे वामनराव पांढरीपांडे, तहसीलीतले रिटायर बाबू. मी त्यांची बायको नलू. नर्स होती मी सरकारी दवाखान्यात, त्यामुळे तोंड फटकळ. लोक म्हणतात म्हणून सांगून राह्यली, मले काही तसं वाटत नाही.

आमच्या भिंतीले लागून जहीरचं घर अन् गॅरेज. जहीरची अम्मी माझी जिवाची मैत्रीण. मी इकडून लोणचं देऊ, ती तिकडून शिरखुर्मा. एक दिवस तिच्या छातीत कळ आली. जहीरनं तिले गाडीत घातलं अन् नागपूरले निघाला. पांढरकवड्याच्या रस्त्यावर बाभळीचं वळण आहे, तिथं खड्ड्यात गाडी अशी बसली की निघेच ना. म्हातारी तिथंच गेली, लेकाच्या मांडीवर.

कबरस्तानातून घरी आल्यावर हे अंगणातच बसले. म्हणाले, "नलू, या रस्त्यानं माणूस नेलं तर मरते. आता वरूनच न्याले पायजे."

मले वाटलं, ऊन लागलं. कांदा फोडून नाकाले लावला. पण उतरलं नाही. आठ दिवसांत 'घाटंजी हवाई रुग्णसेवा समिती' उभी राह्यली. अध्यक्ष हे, सचिव जहीर, अन् मी सदस्य, काहून की मीटिंगीले चहा कोण करन? हेलिकॉप्टराचा पत्ता नाही अन् इकडे अध्यक्ष-सचिव! बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी म्हणतात ना, त्यातली भटीण मीच.

ह्यांचा बेत सरळ होता. हेलिकॉप्टर विकत कायले घ्यायचं? नेत्यांचं उभंच आहे, तेवढा वेळ मागून घ्यायचं. मग जो नेता उतरन त्याचा सत्कार. शाल, श्रीफळ अन् अर्ज. नेते शाल पांघरून घेत, नारळ शिपायाजवळ देत अन् अर्ज पीएजवळ. पीए अर्जाची घडी करून खिशात घाली. त्या खिशात आमची समिती किती वर्षं झोपून होती, देवाले ठाऊक.

पण ह्यांनी दम सोडला नाही. मैदानातलं हेलिपॅड पावसात वाहून जाई, तर हे स्वतः चुना घेऊन गोल काढत. गोलात गाई येऊन बसल्या की छत्रीनं हाकलत. वारा कोणीकडचा आहे हे पायलटले कळाले कापडी नळी लागते म्हणे. एक दिवस मी आंघोळीहून आली तर दोरीवरचा परकर गायब! पाहते तर रामलाल टेलरनं त्याची नळी शिवून मैदानातल्या बांबूवर चढवली. माझा केशरी परकर, हळदीकुंकवाले नेसाचा, साऱ्या गावाले वारा दाखवून राह्यला होता.

"अहो, लाज आहे का उलशीक?" मी ओरडली.

"नलू, केशरी रंग दुरून दिसते," हे म्हणाले. शांतपणे! असा राग आला, पण हसूही आलं.

पेशंट हेलिपॅडपर्यंत आणाले गाडी पायजे म्हणून जहीरनं एक जुनी जीप ठोकूनठाकून उभी केली. मागच्या सीटा काढून स्ट्रेचर बसवलं. बाजूले मोठ्या अक्षरात 'हवाई रुग्णसेवा'. आता गंमत पाहा. हेलिकॉप्टर काही मिळे ना, पण खेड्यापाड्यांतून फोन सुरू झाले. कोणाले साप चावला, कोणाले फवारणीचं औषध चढलं, कोण्या बाईले कळा आल्या. जहीर जीप घेऊन धावे, संगं मी. लोक आधी आभाळात पाहत, मग जीपकडे, अन् मग आम्हाले शिव्या देत. "हवाई म्हणून सांगतलं अन् हे काय डबडं आणलं?" वैतागून जहीरनं जीपमध्ये घरचा पंखा बसवला. म्हणे, "लो भाई, आता तरी हवाई म्हणा."

हसत-खेळत समिती वाढली. दुसरी जीप आली, पुसदच्या लोकांनी आमचं पाहून आपली समिती काढली. पण रस्ता तोच होता. बाभळीचं वळण आलं की जहीर गाडी हळू करे, कपाळाले हात लावे अन् मगच पुढं जाई. कधी पेशंट पोचे, कधी नाही. नाही पोचला त्या दिवशी हे जेवत नसत. म्हणत, "वरून नेलं असतं तर."

अन् मग तो दिवस आला. मोठे साहेब उतरले. नाव सांगत नाही, काहून की ते अजून आहेत अन् मीही आहे. मैदानातच मांडव टाकला होता. साहेबांच्या साऱ्या गाड्या पुढच्या सभेसाठी पांढरकवड्याले निघून गेल्या होत्या, साहेब मागून उडत जाणार होते. हे शाल-श्रीफळ-अर्ज घेऊन मंचाजवळ उभे. सत्काराच्या रांगेत नंबर शेवटून दुसरा.

तेवढ्यात जहीरची बायको गौहर धावत आली, चप्पल नाही पायात. त्यांची लेक मेहनाज बाळंतपणाले माहेरी आली होती. सातवा महिना सरून आठवा लागला होता. सकाळपासून डोकं दुखे म्हणे, अन् आता दवाखान्यात झटके आले. डॉक्टर स्पृहानं मले फोनवर स्पष्ट सांगतलं, "नलूताई, बी.पी. उतरत नाहीये. नागपूरला लवकर पोचली नाही तर दोन्ही जीव जातील. रस्त्यानं मी हमी देत नाही."

मी जहीरकडे पाह्यलं. तो जीपची किल्ली मुठीत धरून उभा होता. कोणतं वळण त्याच्या डोळ्यांसमोर होतं हे मले विचाराची गरज नव्हती.

मंचावर कोणाचा तरी सत्कार चालूच होता. ह्यांनी अर्ज पुढं केला अन् म्हणाले, "आपला नंबर आला की मी विषय काढतो."

"नंबर?" मी म्हटलं. "तुमच्या नंबराले आग लागो!"

अन् मंचावर चढली. निवेदकाच्या हातचा माईक हिसकला. समोर कॅमेरे होते, ते बरंच झालं. "साहेब, माझ्या शेजाऱ्याची पोरगी मरून राह्यली. तुमचं हेलिकॉप्टर रिकामं उभं आहे. देता का नाही, एवढंच सांगा. शाल नंतर घालू."

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाह्यलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. "अर्थात! जनतेचंच आहे ते," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, टाळ्या कायले वाजवता, वाट सोडा!

जीप दवाखान्यातून मेहनाजले घेऊन आली. स्पृहा तिच्या उशाशी, गौहर पायथ्याशी. सीटवर आडवं केलं. पायलट अभिषेक, पुण्याकडचा पोरगा, बिचारा घामाघूम. अन् आता निघणार, तर हे पुढं! एका हातात नारळ, एका हातात लिंबू.

"पहिलं उड्डाण आहे," हे म्हणाले. "पूजा केल्याबिगर नवी गाडी हलवत नाहीत."

"काका, नारळ फोडू नका! काच आहे ती!" पायलट ओरडला.

"बरं, नारळ राहू द्या. लिंबू तर चाकाखाली ठेवतो." हे वाकले. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. "अरे, हिची चाकं कुठं आहेत?"

"हिला चाकं नसतात काका! नुसत्या दांड्या आहेत!"

इतकी वर्षं या माणसानं हेलिकॉप्टराची वाट पाह्यली, चुन्याचे गोल काढले, अन् हिले चाकं नाहीत हे कधी वाकून पाह्यलं नाही. उभे राह्यले लिंबू घेऊन, देव्हाऱ्यातला देव चोरीले गेल्यासारखं तोंड करून. मी त्यांची बंडी धरून ओढलं. "व्हा मागं! लिंबाची आई मेली तिकडे!"

पंखा फिरला. धूळ उठली बाप्पा! मांडवाचं कापड गेलं, ह्यांची टोपी गेली, अन् बांबूवरचा माझा परकर सुटला तो थेट मंचावर, साहेबांच्या खांद्यावर. शालीवर शाल. साहेबांनी सवयीनं हात जोडले.

हेलिकॉप्टर बाभळीच्या झाडांवरून पलीकडे गेलं, लहान होत गेलं. हे वर पाहत होते. डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. माझ्याही गेली होती.

आता साहेबांच्या पीएले घाम फुटला. पांढरकवड्याले सभा खोळंबली, गाड्या तिकडे, अन् दुसरी जीप पेशंट घेऊन यवतमाळले गेलेली. उरली आमची एकच. जहीर म्हणाला, "बैठो साहेब. मले तर नागपूरले जायाचंच आहे. तुम्ही आपलं हेलिकॉप्टर दिलं, मी माझं देतो."

ह्यांनी लगबगीनं पुढं होऊन जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. यावेळी चाक सापडलं.

मागं सीट नाही, नुसतं स्ट्रेचर. साहेब आधी बसले. पहिल्या खड्ड्यात त्यांचं डोक्शं टपाले लागलं, दुसऱ्यात पंख्याले. मी म्हटलं, "आडवे व्हा साहेब. पट्टा बांधते, नाहीतर खाली पडसान." आडवे झाले. बांधलं मी त्यांले. माणूस एरवी लय बोलका, पण दर खड्ड्याले नुसतं "आई गं!" म्हणे.

"रस्ता... कोणाकडे... आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्याकडेच आहे," मी म्हटलं.

बाभळीचं वळण आलं. जहीरनं गाडी हळू केली. कपाळाले हात लावला. आज मात्र तो हात लवकर खाली आला नाही.

"काय झालं? थांबलात का?" साहेब पडल्या पडल्या म्हणाले.

"कुछ नहीं साहेब. इथं माझी अम्मी गेली. गाडी चांगली होती, डॉक्टरही तिकडे तयार होता. रस्ता नव्हता, बस." अन् गिअर टाकला.

साहेब त्यानंतर पांढरकवड्यापर्यंत "आई गं"सुद्धा म्हणाले नाहीत.

पांढरकवड्याले सारी सभा माना वर करून आभाळात पाहून राह्यली होती. आमची जीप मागून आली ते कोणाले कळलंच नाही. साहेबांची कंबर अशी धरली की उठता येई ना, मग कार्यकर्त्यांनी स्ट्रेचरसकट बाहेर काढलं. अंगावर शाल, शालीवर माझा केशरी परकर, डोळे मिटलेले. कोण्या भैताडानं ते पाह्यलं अन् घोषणा दिली, "साहेब अमर रहे!" साऱ्या मैदानानं उचलून धरली. दोन बाया तर रडाले लागल्या. साहेब हात हलवून सांगत होते की मी जिवंत आहे, तर लोक म्हणत, पाहा, जाता जाता आशीर्वाद देऊन राह्यले.

त्या गलक्यात जहीरचा फोन वाजला. त्यानं तो माझ्या हातात कोंबला. "भाभी, तुम्हीच घ्या. माझ्यानं होत नाही."

गौहर होती. रडत होती. मग कळलं की रडणं आनंदाचं आहे. मुलगी झाली होती. मूठभर जीव, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेला. पण दोघी जित्या होत्या. मी जहीरले सांगतलं. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं अन् लहान पोरासारखा हमसून रडला. मीही रडली. तिकडे 'अमर रहे' चालूच होतं.

साहेब पुढं महिनाभर बेल्ट लावून हिंडले म्हणतात. पण दिवाळीच्या आत घाटंजी ते पांढरकवडा रस्ता झाला, काळा कुळकुळीत. जिथं सभा होती त्या मैदानापर्यंत बरोबर. त्याच्या पुढं एक फूट नाही.

हेलिकॉप्टर पुन्हा काही मिळालं नाही. समितीच्या चार जीपा झाल्या, अन् पांढरकवड्याहून पुढं नागपूरचा हायवे होताच, आता पेशंट रस्त्यानंच पोचतात. हे अजूनही चुन्याचा गोल काढतात अन् गाई त्यात अजूनही बसतात. कोणी नवा पत्रकार आला की विचारतो, तुमच्या हवाई सेवेची उड्डाणं किती? हे ताठ मानेनं सांगतात, "एक."

परवा मेहनाज लेकीले घेऊन सासरी निघाली. जहीरनं जीप काढली, मीही बसली. गाडी लोण्यासारखी पळत होती. बाभळीचं वळण आलं अन् जहीरनं गाडी हळू केली.

मी म्हटलं, "अरे, खड्डा बुजून किती दिवस झाले. आता काहून हळू करतं?"

"खड्डा गेला भाभी," तो म्हणाला, "पण अम्मी तर इथंच आहे ना. तिले पोट्टी दाखवून राह्यलो."

मेहनाजनं पोरगी खिडकीजवळ धरली. मी पदर डोळ्याले लावला अन् त्याले म्हटलं, दाखव बाबा, सावकाश दाखव.