परातीचा पोचा आणि माशांची पिल्ले

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची परात आहे. उदगीरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि कमरुन्निसाच्या लग्नात मी औशाजवळच्या एका खेड्यात आले. भूकंप झाला त्या पहाटे मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या आडोशाला तिचा तान्हा फैजान झोपला होता. भिंतीचा धोंडा माझ्या काठावर आदळला. काठ आत दबला, पण फैजान वाचला.

त्या पोच्यासकट मी लातुरात आले. शहरात शिकवणीचे क्लास वाढत होते. मुलामुलींची रीघ लागली होती. कमरुन्निसाने खाणावळ काढली आणि माझ्यात रोज कणकेचा डोंगर मळला जाऊ लागला. मुले तिला मावशी म्हणून खाला म्हणत. "खालाच्या हातची पोळी लई मऊ," असे ती म्हणाली, की त्यातली थोडी शाबासकी मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेई. कल्हईवाला भीमा दर वर्षी विचारी, "खाला, पोचा ठोकून काढू का?" ती म्हणे, "त्याला हात नको लावू." पुढे कणीक मळायचे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

याच खाणावळीत जेवून शिकलेली चाकूरची तनुजा समुद्राचे शास्त्र शिकायला कोकणात गेली होती. एका सुटीत ती हिरमुसून आली. माशांची नुकती फुटलेली पिल्ले पाण्याबरोबर कुठे वाहत जातात आणि किती जगतात, याचे गणित तिने संगणकावर मांडले होते.

"त्यांची आई कुठं असते गं?" कमरुन्निसाने विचारले.

"अंडी सोडून जाते, खाला. मग पाणी नेईल तिकडं पिल्लं. माझ्या गणितात सगळीच खोल समुद्रात जाऊन मरायलीत."

तिला घ्यायला आलेले तिचे वडील ग्यानोबा शेजारीच जेवत होते. "आपल्या गावात धड तळं न्हाई, अन् ही मासे जगवायली. न्हाईच जमलं तर समुद्र सोड, माय. इथले क्लासवाले शिकवायला बोलवायलेत."

ते हसत म्हणाले, पण तनुजाने ताट बाजूला सारले.

"कसं वाहतात ते मला दाखव तरी," कमरुन्निसा म्हणाली.

तनुजाने मला ओढून पुसले, पाणी भरले आणि चाळणीतला कोंडा वर भुरभुरला. मग काठाकाठाने हात फिरवून तिने पाणी वाहते केले. कोंडा गरगरत निघाला. पोच्यापाशी मात्र पाणी अडखळले. त्याच्यामागे ते मंदावले, लहानशी गिरकी घेऊ लागले आणि चिमूटभर कोंडा तिथेच थांबला.

तनुजा बघतच राहिली. "बाबा, मी किनारा सरळ केला."

"म्हंजी?"

"नांगर अडू नये म्हणून तुम्ही बांध सरळ करता ना? तसं गणित अडू नये म्हणून मी खडकांची टोकं पुसून टाकली. पिल्लांना थांबायला जागाच ठेवली न्हाई."

तिने किनारा पुन्हा वाकडातिकडा काढला. गणितात पिल्ले जगली. फार नाही, थोडीच. नंतर अशाच एका टोकामागे तिने समुद्रात बारीक जाळे सोडले, तर त्यात खरीखुरी पिल्ले सापडली. ती समुद्राकडेच राहिली.

यंदा मला कल्हईला काढल्यावर भीमाने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा जेवायला आलेले ग्यानोबाच आधी बोलले, "राहू दे. तिथं मासे थांबत्यात."

मित्रांनो, जुनी भांडी कोपऱ्यात टाकू नका. त्यांना घासा, कल्हई करा. पण पोच्यावर हातोडी उचलण्याआधी एवढे विचारा, की त्याच्या आडोशाला कोण वाचले होते.