एक डोळा आणि दोन कान

मी घरगुती व्हिडिओ कॅमेरा बोलतोय. तसं माझं स्वतःचं असं बोलणं नाही. दुसऱ्याचं ऐकायचं आणि मागितलं की जसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच मला येतं. आज मात्र चार शब्द पदरचे बोलतो, कारण माझं आता काही खरं नाही.

मला एक डोळा आणि दोन कान. डोळा मोठा, चकचकीत. कान म्हणजे त्याच्याखालच्या दोन बारीक जाळ्या. दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो तेव्हा जो येई तो विचारी, "लांबचं किती जवळ दिसतं?" ऐकू कसं येतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

एक दिवस फोटोकाका आणि काकू आले. काकांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांना "हलू नका, बोलू नका" म्हणण्यात त्यांची उभी हयात गेली होती. काकू तिथेच गल्ल्यावर बसत. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण ठसका कायम होता. घशात गाठ होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज जाईल.

परगावी त्यांच्या लेकीला दिवस गेले होते. तिनं फोनवर हट्टच धरला, "बाबा, आईचा आवाज भरून ठेवा. माझ्या बाळाला आजी ऐकू यायला हवी." म्हणून ही खरेदी.

विक्रेत्यानं आम्हां तीन कॅमेऱ्यांना काउंटरवर मांडलं. काका एकेकाच्या डोळ्यावर फुंकर मारत, काच उजेडात तिरपी धरून बघत, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे जवळ आणत बसले. वधूपरीक्षासुद्धा इतकी कसून कुणी करत नसेल.

"अहो, आवाज कसा येतो ते बघा ना," काकू म्हणाल्या.

"आवाज काय, येतोच गं. काच महत्त्वाची."

काकूंनी नाद सोडला आणि त्या माझ्यावर वाकल्या. जाळीला तोंड लावून टेलिफोनवर बोलावं तसं म्हणाल्या, "हॅलो, हॅलो! ऐकू येतंय का रे?" विक्रेता हसला. मी मात्र विरघळलो. माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

"हाच घ्या," त्या म्हणाल्या. "तोंडावरून तरी गरीब वाटतो."

ऑपरेशनला अजून आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी काकांनी खिडकीजवळ खुर्ची ठेवली, पडदा सारखा केला, काकूंना बसवलं. मला तिपाईवर चढवलं, बटण दाबलं आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हनुवटी जरा वर. हं. आता हलू नकोस, बोलू नकोस."

काकू बसल्या. बिचाऱ्या पापणीसुद्धा जपून मिटत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, अहो काका, हा स्टुडिओ नव्हे! पण सांगणार कोण?

मनासारखं झाल्यावर काकांनी बटण पुन्हा दाबलं. मी थांबलो. आणि मग त्यांची दुसरी खोड जागी झाली. गिऱ्हाइकाचे डोळे मिटले असतील तर पंचाईत नको, म्हणून ते शेवटी नेहमी एक जास्तीचा फोटो घेत. त्याच हातानं त्यांनी बटण आणखी एकदा दाबलं. मी परत सुरू झालो. काकांनी माझ्या डोळ्यावर झाकण बसवलं आणि ते चहा ठेवायला गेले.

मला दिसेना, पण कान उघडे होते.

"झालं का हो? आता बोलू?"

"बोल की! आवाजाचं उद्या घेऊ, निवांत."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकू तिला पोटभर रागावल्या, जेवत नाहीस, पायऱ्या धावत चढतेस. मग म्हणाल्या, "बरं, फोन जरा पोटाला लाव. लावलास? ए, जे कोण असशील ते, मी आजी बोलतेय. लवकर ये. आणि आजोबांच्या फोटोसाठी मुळीच गप्प बसू नकोस." काकू मोठ्यानं हसल्या, खोकल्या, परत हसल्या. ते सगळं मी घेतलं.

"उद्या" आलाच नाही. सकाळीच हॉस्पिटलातून निरोप आला, ऑपरेशनची तारीख अलीकडे आलीय, आजच भरती व्हा. मी तिपाईवर तसाच राहिलो.

काकू परतल्या त्या गळ्याला पट्टी आणि मुक्या. पुढे लेक बाळाला घेऊन आली, तेव्हा काकांनी मला टीव्हीला जोडलं. पडद्यावर काकू दिसल्या, सुरेख, स्थिर, गप्प. खोलीत एकच आवाज घुमला, काकांचा स्वतःचा, "बोलू नकोस." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. लेकीनं तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पडदा काळा झाला. "पुढे नुसतं वाया गेलंय," काका कसंबसं म्हणाले. "यावर बाळाचं घेतो." त्यांचं बोट कॅसेट मागे फिरवायला निघालं.

काकूंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्या दिवशी माझ्यासमोर त्याच बसल्या होत्या. झाकण लावल्यावरही माझा लाल दिवा जळताना त्यांनी पाहिला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, यांचं यांना ठाऊक.

काळ्या पडद्यातून आवाज आला, "झालं का हो? आता बोलू?"

काका माझ्यासमोर नाही, टीव्हीसमोर हात जोडून म्हणाले, "बोल गं. बोल."

ते बाळ आता शाळेत जातं. सुट्टीत आलं की "आजी लाव" म्हणतं. पण माझ्या पोटातला, कॅसेट फिरवणारा पट्टा सैल झालाय. दर वेळी कॅसेटची फीत थोडी घासली जाते, आणि माझ्यासारख्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. लेक सांगून थकली, "बाबा, कॅसेट दुकानात देऊन आवाज दुसरीकडे उतरवून घ्या." काका तयार होत नाहीत. तिथं फीत गुंतली तर? भीती खोटी नाही. पण काका, माझ्यात गुंतली तर?

"मी आजी बोलतेय" हे वाक्य आलं की शेजारी बसलेल्या काकूंचे ओठ बरोबर त्याच तालात हलतात. नातीला वाटतं, आजीच बोलतेय. एखाद्या दिवशी ओठ हलतील आणि माझ्यातून काहीच येणार नाही. काका, तो दिवस येण्याआधी मला उचला आणि दुकानाची पायरी चढा. या वेळी मात्र काचेचं विचारू नका, आवाजाचं विचारा.