आठ मिशांचा मासा

दगडोबा भोयानं मासा उताणा धरला आणि बोटानं एकेक मिशी उचलत मोजली.

"दोन नाकापाशी, दोन वरल्या ओठाला, चार हनवटीखाली. आठ. लिवा, मास्तर."

शाळेच्या ओसरीवर, चार हात लांब बसून, उपरणं नाकाशी धरून गुरुलिंग मास्तरांनी लिहिलं. गळ्यात लिंग बांधल्यापासून त्यांनी मासा कधी शिवला नव्हता. पण हैदराबादच्या महकम्याला, म्हणजे सरकारी खात्याला, सीना नदीतल्या बिनखवल्यांच्या, मिशाळ माशांची फर्द, म्हणजे यादी, हवी होती, आणि इंग्रजी पुस्तक वाचणारे परंड्यात ते एकटेच.

पुस्तकाची रीत त्यांना आवडली होती. आधी मिशा मोजायच्या. मग पाठीवर, शेपटीच्या बाजूला, दुसरा मांसल पर आहे का ते पाहायचं. चार मिशा आणि तो पर नसला, तर शिवडा. आठ मिशा आणि पर असला, तर शिंगाडा. सगळं असं खणाखणांत बसलं की मास्तरांना हायसं वाटे.

"हे शिंगाड्याचं पिल्लू," वितीएवढ्या माशाकडं बघून ते म्हणाले.

दगडोबा हसला. त्यानं माशाचं पोट चिरून दाखवलं.

"पिल्लाच्या पोटात गाबोळी असती व्हय? ही शिंगटी. येगळी जात. हिची मिशी बघा, पार शेपटीपोतर जाती. शिंगाड्याची जाती का?"

मास्तरांनी पुस्तक चाळलं. दगडोबाचं खरं निघालं. मास्तरांचे कान तापले.

"फर्दीवर तुझं नाव घालतो, दगडोबा."

"नाव मला कुठं वाचता येतंय? अंगठा घ्या. माझा अंगठा म्या वळखतो."

मास्तरांनी कागदाच्या तळाशी, उजवीकडं, तेवढी जागा कोरी ठेवली. दगडोबानं ती दोनदा बघून घेतली.

आठवड्यानं महकम्याचे साहेब आले. फर्द वाचता वाचता शिंगटीपाशी थांबले.

"वाह! छोटी को बच्चा नहीं समझे. सब खुद देखे, मास्टर साब? अपने हाथ से?"

पायरीखाली ओलं पोतं घेऊन दगडोबा उभा होता.

"जी," मास्तर म्हणाले.

"तो दिखाओ जरा."

पोत्यातून जिवंत शिंगटी पुढं आली. मास्तरांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि जन्मात पहिल्यांदा मासा धरला, काकडी धरावी तसा, मुठीत. कल्ल्याजवळचा काटा तळहातात शिरला. मासा पायरीवर आपटला. साहेबांनी डोळे बारीक केले.

"माझी चूक, साब," दगडोबा खालून म्हणाला. "म्याच उलटा दिला. मास्तर रोज बराबर धरत्यात."

मास्तरांनी मान वर केली नाही.

बघता बघता उजवा हात सुजला. फर्दीवर सही करायला टाक धरवेना. साहेबांना कुर्डुवाडीची मोटार गाठायची होती.

"आज मास्टर भी अंगूठा लगाएगा!" ते हसले. शाईची गादी पुढं सरकवून त्यांनी तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "यहाँ."

मास्तरांनी एकदा पायरीकडं पाहिलं. ही जागा ह्याची आहे, एवढंच म्हणायचं होतं. मग डावा अंगठा गादीवर टेकवला, आणि कागदावर.

शाई वाळावी म्हणून साहेबांनी कागद क्षणभर उन्हात धरला. दगडोबानं मान लांब करून तो ठसा पाहिला. मग खाली वाकून पायरीवरचा मासा पोत्यात टाकला.

मोटार गेल्यावर तो मीठ तापवून, फडक्यात बांधून घेऊन आला. न विचारता ओसरीवर बसला आणि मास्तरांचा सुजलेला हात मांडीवर घेऊन शेकू लागला. मास्तरांनी हात काढून घेतला नाही.

"दगडोबा..."

"ठणका संध्याकाळपोतर उतरंल," तो म्हणाला.

मग त्यानं त्यांचा डावा हात ओढला आणि पोत्याच्या ओल्या कोपऱ्यानं अंगठा पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"ही शाई मातर लौकर जायची न्हाय, मास्तर."