सतरावी ओळ

लवळ्याच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सात घरं आहेत. त्यातल्या धुळाची सृष्टी टेकडीवरच्या विद्यापीठात कसल्याशा यंत्रावर काम करायची. कसल्या, ते वाडीत कुणाला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पोर लग्नाला कधी तयार होते, एवढीच सगळ्यांना काळजी. कळलं होतं ते एकट्या धुळाला, आणि तो तर चौथीतून पळालेला.

अवकाशात जाणाऱ्या एका दुर्बिणीसाठी नखाएवढी चकती होती. तिच्यावर बत्तीस ओळी, दर ओळीत बत्तीस ठिपके. दूरच्या ताऱ्याकडून आलेला क्ष-किरण ठिपक्यावर पडला की ठिपका किंचित तापतो, आणि किती तापला त्यावरून किरणाची ताकद कळते. ते तापणं इतकं बारीक, की चकती शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांपर्यंत गार करावी लागते. हजार ठिपक्यांना हजार तारा जोडाव्यात, तर तारांवाटेच ऊब आत शिरते. म्हणून मोजक्या तारांवर ओळीमागून ओळ वाचायची, आणि तीही अशा झपाट्यानं की एक किरण निसटता कामा नये. हे वाचणं सृष्टीकडे होतं.

"म्हंजी वाघरीच्या तोंडाशी मी उभा ऱ्हातो तसं," धुळा म्हणाला होता. मेंढरं कोंडायच्या जाळ्याला एकच वाट ठेवून तो रोज संध्याकाळी एकेक मेंढरू मोजून आत घ्यायचा. "समदी एकदम घुसली तर मोजनार कसं?" सहा वर्षांत सृष्टीला आपलं काम इतक्या सोप्या शब्दांत कुणाला सांगता आलं नव्हतं.

दुर्बिणीवर एकच संच जाणार होता, सृष्टीच्या गटाचा नाहीतर परदेशातल्या दुसऱ्या गटाचा. शुक्रवारपर्यंत चाचणीचा निकाल पाठवायचा होता. चकती गार व्हायलाच पाच दिवस लागत, तेव्हा संधी एकदाच मिळणार होती.

चकती ठेवलेली पेटी बंद करायची त्या सकाळी धुळानं नेहमीसारखा लेकीच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला आणि चिमूटभर तिच्या रुमालाच्या टोकाला बांधून दिला. "तुज्या यंत्राला बी लाव. नवीन काम हाय." देवाची हळदच ती, वाडीत नव्या कोकराला, नव्या मोटरसायकललाही लावतात. सृष्टीनं हसून रुमाल खिशात टाकला. कपाळ तेवढं प्रयोगशाळेच्या दारात नेहमीप्रमाणे धुतलं. धुळीचा कण आत जाऊ द्यायचा नाही, हे ती नव्या मुलांना घसा सुकेपर्यंत सांगायची.

आणि तरीही, तारांचा शेवटचा जोड दाबून बसवायचा राहिलेला असताना, सोबतचा निषाद पाना आणायला बाहेर गेला, तेव्हा तिनं हातमोजा काढला, रुमालाची गाठ सोडली आणि तांब्याच्या पेटीच्या कडेला भंडाऱ्याचं एक बोट टेकवलं. एवढंच. आबाचं मन राखलं म्हणून तिला बरं वाटलं. निषाद आला, त्यानं जोड दाबला, चाचणी घेतली. सगळं ठीक होतं.

गुरुवारी दुपारी पडद्यावर ओळी उमटू लागल्या. सोळापर्यंत सगळ्या स्वच्छ आल्या. सतरावी आलीच नाही. अठरावी आली, बत्तिसावीही आली, पण सतराव्या ओळीतले बत्तीसच्या बत्तीस ठिपके मुके. ओळ जागी करणारी तार एकच, ती तुटली की सगळी ओळ गेली. गटप्रमुख गौतमी मॅडमनी आहे तसा निकाल पाठवला. मंगळवारी उत्तर आलं: दुसऱ्या गटाची निवड झाली होती.

बुधवारी पेटी उघडली. सतराव्या ओळीच्या जोडात सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा कण दिसला. थंडीनं धातू आकसला आणि त्या कणानं जोड उचलून धरला होता.

"हळद आहे ही," मॅडम म्हणाल्या. "निषाद, जेवून हात न धुता आला होतास?"

"मॅडम, मी धुतले होते," निषाद म्हणाला. पण जोड त्यानंच बसवला होता, आणि त्याचा आवाज असा खचला की त्याचं त्यालाच खरं वाटेना.

सृष्टी मूग गिळून बसली. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं म्हणता म्हणता मॅडम उठून गेल्या. महिनाअखेर निषादचं काम संपलं. त्याला मुदतवाढ मिळाली नाही. रिक्षात बॅग टाकताना तो तिला म्हणाला, "सॉरी. तुझी सहा वर्षं माझ्यामुळे गेली." तेव्हाही ती बोलली नाही. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी वाघरीपाशी तिनं आबाला सगळं सांगितलं. धुळा मेंढरं आत घेत होता. ऐकता ऐकता त्याचा आकडा चुकला, हे तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"त्या पोरावर आळ आला," तो म्हणाला. "आन् तू गप ऱ्हायलीस."

"व्हय."

"भंडारा माजा व्हता." त्यानं मेंढरं पुन्हा बाहेर काढली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली.

सकाळी ती तयार होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "आज मॅडमला खरं सांगनार हाय," ती म्हणाली. सांगून दुर्बिणीत जागा मिळणार नव्हती, आणि निषाद मिळेल ते काम धरून कालच गाव सोडून गेला होता. हे दोघांनाही माहीत होतं. "आबा, भंडारा लाव."

धुळाचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला आणि परत आला. त्यानं तो धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"नको," तो म्हणाला. "तुज्या यंत्राला लागंल."